तात्पुरते छप्पर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी मला भाषणाविषयी विचारले तेव्हा मी प्रथम नकारच दिला. गुणवंत विद्यार्थ्यांपुढे बोलावयाचे तर एखादा प्राध्यापक हवा, शास्त्रज्ञ हवा. आणि या बंगळूर नगरीत त्यांची वाण नाही. मी पडलो केवळ बी. ए. झालेला, आणि आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यात इतरांच्या हिशेबांतील चुका शोधण्यात घालविलेला मनुष्य. पण कार्यवाह म्हणाले, "विद्वानांची भाषणे दर वर्षी होतात. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी तुम्ही जो घोळ घातलात, तेवढा सांगितलात तरी पुष्कळ झाले." तेव्हा आज मी येथे उभा आहे तो त्या घोळापुरता अधिकारी म्हणून.

विषय असा आहे. जून-जुलै महिने आले की आपल्या अनेक घरांतून एक प्रश्न उभा राहतो. संस्था मोठी असते, नाव मोठे असते, मुलाला वा मुलीला हवी ती शाखाही मिळत असते. परंतु माहितीपत्रकात खाली एक ओळ असते, की कायमचा परिसर तयार होईपर्यंत वर्ग अमुक ठिकाणच्या तात्पुरत्या जागेत भरतील. ती ओळ वाचली की आईबापांचा जीव खालीवर होऊ लागतो. तेथे जावे, की घराजवळच्या जुन्या, बांधून झालेल्या, ओळखीच्या महाविद्यालयात नाव घालावे?

२०१७ साली हा प्रश्न आमच्या घरी आला. मुलीला केंद्र सरकारच्या एका नव्या संस्थेत जागा मिळत होती. संस्थेचे नाव मी घेणार नाही. ज्या घरी आपली मुलगी चार वर्षे राहिली, त्या घरच्या उणिवा चारचौघांत नावानिशी सांगू नयेत. दुसऱ्या बाजूस येथीलच एक जुने खासगी महाविद्यालय होते. रहदारीची कृपा असली तर घरून पाऊण तासाचा रस्ता. प्रशस्त इमारत, भरलेले ग्रंथालय. माझे मत ठाम होते. मी म्हणालो, "जिथे भिंतीच नाहीत, तिथे शिक्षण कसले?" आणि वाक्य तोंडून बाहेर पडताच मी चपापलो. ते वाक्य माझे नव्हते. आमच्या अण्णांचे होते.

१९८६ साली मी सोलापुरात बारावी उत्तीर्ण झालो. त्याआधी तीन वर्षे, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली होती. अशाच एका नव्या महाविद्यालयात मला जागा मिळत होती. अण्णा प्राथमिक शिक्षक. एस. टी.ने ते मला तेथे घेऊन गेले. माळरानावर पत्र्याच्या तीन शेड उभ्या होत्या. एकीत एक यंत्र अजून लाकडी खोक्यातच होते. अण्णांनी शेडच्या खांबाला हात लावून पाहिला आणि ते वाक्य उच्चारले. पुढच्या आठवड्यात मी गावातील दगडी इमारतीच्या महाविद्यालयात बी. ए.च्या वर्गात बसलो.

बी. ए.ने मला वाचनाची गोडी दिली, नोकरी दिली. माझी तक्रार नाही. अण्णांची चूक होती असेही मला म्हणवत नाही. शुल्कासाठी त्यांना पतपेढीचे कर्ज काढावे लागले असते, आणि त्या काळी निघालेल्या सगळ्याच संस्था काही पुढे नावारूपाला आल्या नाहीत. मी ज्या महाविद्यालयाला मुकलो, ते मात्र आले. आजही गावी जाताना त्याची इमारत रस्त्यावरून दिसते. इतकी वर्षे लोटली, तरी त्या वळणावर मला गाडीत कधी झोप लागलेली नाही.

ही हकीकत मुलीने माझ्या तोंडून पूर्वी ऐकली होती. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आजोबांवर रागावला होतात का?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग मीही रागावणार नाही. पण त्यांनी निदान जागा तरी पाहिली होती. आपणही एकदा पाहून येऊ." यावर मला उत्तर सुचले नाही.

जागा पाहावयास निघण्यापूर्वी मी सरकारी मनुष्याच्या सवयीप्रमाणे पूर्वीचे दाखले गोळा करावयास बसलो. आणि दाखले तर उत्तमोत्तम मिळाले. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले ते आजच्या देखण्या इमारतीत नव्हे, तर शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात. मुंबईच्या आय. आय. टी.चे पहिले शंभर विद्यार्थी १९५८ च्या जुलैत पवईला गेलेच नाहीत. त्यांचे वर्ग वरळीला सास्मिरा या रेशीम-गिरण्यांच्या संशोधन संस्थेच्या इमारतीत भरले. पवईची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली ती १९५९ च्या मार्चमध्ये, म्हणजे वर्ग सुरू झाल्यानंतर! आपल्या या शहराचेच पाहा. भारतीय व्यवस्थापन संस्था १९७३ मध्ये लँगफर्ड रोडवरील भाड्याच्या जागेत सुरू झाली. बन्नेरघट्टा रस्त्यावरचा तिचा प्रसिद्ध दगडी परिसर नंतरचा. राष्ट्रीय विधी विद्यालयाचे पहिले वर्ग १९८८ मध्ये सेंट्रल कॉलेजच्या आवारात भरले. नागरभावीला ते नंतर गेले.

हे सारे टिपून ठेवताना माझा उत्साह वाढत गेला. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर आतला लेखापरीक्षक जागा झाला. हे सारे दाखले यशस्वी झालेल्यांचे आहेत. ज्या संस्था तात्पुरत्या जागेत सुरू झाल्या आणि तेथेच खुरटल्या, त्यांची नावे मला कोठे आढळणार? त्यांच्या स्मरणिका निघत नसतात. शिवाय पुढच्या पन्नास वर्षांची कीर्ती पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रयोगशाळेची किल्ली देत नाही. आपल्या मुलाजवळ चारच वर्षे असतात, आणि ती त्याला आज मिळेल त्याच जागेत काढावयाची असतात.

मग ती चार वर्षे कशी जातील हे आधी कळते का? आपल्या शेजारची दोन उदाहरणे सांगतो. धारवाड आणि गोवा येथील आय. आय. टी. या दोन्ही संस्था एकाच वर्षी, २०१६ मध्ये, सुरू झाल्या. दोघींची पालक संस्था एकच, मुंबईची आय. आय. टी. दोघींनाही स्वतःची जागा नव्हती. धारवाडची संस्था जल व भूमी व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे 'वाल्मी'च्या आवारात भरू लागली; गोव्याची संस्था फोंड्याजवळ फार्मागुडीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. दोन जुळ्या बहिणीच म्हणाना.

आता पुढचे पाहा. धारवाडला पुणे-बंगळूर महामार्गाजवळ सुमारे ४७० एकर जमीन मिळाली. २०१९ च्या फेब्रुवारीत कोनशिला बसली आणि १२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते नव्या परिसराचे उद्घाटन झाले. गोव्यात मात्र जागेचाच प्रश्न सुटेना. काणकोणात लोलये येथे विरोध झाला. सत्तरी तालुक्यातील शेळ-मेळावलीच्या ग्रामस्थांनी आपल्या जमिनींसाठी आंदोलन केले आणि २०२१ च्या जानेवारीत सरकारने तेथील बेत सोडून दिला. त्या ग्रामस्थांना दोष देणारे आपण कोण? ज्याची काजूची बाग जाते त्याला आपले दुःख ठाऊक असते. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने परिणाम एवढाच, की जमीन सापडेपर्यंत कोनशिलाही नाही.

त्याच फार्मागुडीच्या आवारात आणखी एक पाहुणी संस्था होती. गोव्याची एन. आय. टी. २०१० मध्ये प्रथम सुरू झाली ती गोव्यात नव्हे, तर कर्नाटकात सुरत्कल येथे. मग ती फार्मागुडीला आली आणि कुंकळ्ळीच्या तिच्या स्वतःच्या परिसराचे उद्घाटन झाले २०२४ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात कितीतरी तुकड्या आल्या आणि पदव्या घेऊन बाहेर पडल्या.

आणि येथेच मुख्य मुद्दा आहे. धारवाडची पहिली तुकडी २०१६ मध्ये आली आणि २०२० मध्ये बाहेर पडली. परिसराचे उद्घाटन २०२३ चे. म्हणजे ज्या संस्थेचे काम रीतसर आणि वेगाने झाले, तिच्याही पहिल्या तुकडीने कायमच्या परिसरात एक दिवस वर्ग केला नाही! या बाबतीत धारवाड आणि गोवा यांच्या पहिल्या तुकड्यांत काडीचाही फरक नाही. एकीच्या संस्थेचे भाग्य उजळले आणि दुसरीच्या संस्थेचे रखडले. विद्यार्थ्यांची चार वर्षे मात्र दोन्हीकडे पाहुण्याच्याच घरात गेली.

आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या महिन्यात एक धडा मिळतो. रक्कम मंजूर होणे वेगळे, तिची तरतूद होणे वेगळे, ती वितरित होणे वेगळे आणि ती खर्च होऊन काम पूर्ण झाल्याचा दाखला हाती येणे वेगळे. सामान्य माणूस 'मंजूर' हा शब्द ऐकतो आणि पूल बांधून झाला असे समजून चालू लागतो. प्रवेशाच्या बाबतीत मी अखेर हाच नियम स्वतःला लावला. कायमचा परिसर आपल्या चार वर्षांत येणारच नाही असे धरून चालावे. आज जे उभे आहे तेवढेच जमेस धरावे. तेवढ्यावरही जावेसे वाटले तर निःशंकपणे जावे. परिसर आला तर तो लाभ. न आला तर फसवणूक झाल्याचे दुःख नाही.

मग आज उभे काय असते? पहिली गोष्ट पदवी. ती कोणाच्या नावाने आणि कोणत्या कायद्यान्वये मिळणार, हे कागदावर पाहावे. धारवाड आणि गोव्याची नावे २०१६ च्याच दुरुस्तीने १९६१ च्या तंत्रशास्त्र संस्था अधिनियमात दाखल झाली. पालक्काड आणि तिरुपतीचे वर्ग मात्र २०१५ मध्येच सुरू झाले होते, आणि कायद्यात नाव येण्यासाठी त्यांना २०१६ ची वाट पाहावी लागली. सरकारी संस्थांबाबत ही चिंता सहसा आपोआप मिटते. खासगी अभिमत विद्यापीठाने दूरच्या गावी शाखा उघडली असेल तर तिला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे मात्र स्वतः पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी गोष्ट, 'मुख्य परिसराबाहेर' या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या परिस्थिती लपलेल्या असतात. एक, संस्था आपल्याच गावात, पण उसन्या जागेत. दोन, संस्था एका राज्याची आणि वर्ग पालक संस्थेच्या आवारात दुसऱ्या राज्यात, मंडीच्या आय. आय. टी.चे पहिले विद्यार्थी २००९ मध्ये रुडकीला शिकले, जोधपूरचे २००८ मध्ये कानपूरला. अशा मुलांना जुन्या संस्थेचे ग्रंथालय आणि प्रयोगशाळा आयत्या मिळतात, पण मध्येच बिऱ्हाड हलवावे लागते. तीन, जुन्या संस्थेने उघडलेला नवा परिसर. मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ पासूनची. तिने २०१८ मध्ये जालना आणि भुवनेश्वर येथे परिसर सुरू केले. तेथे जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे, की त्याचा परिसर तोच आहे. माटुंग्याला पुढे जाऊ, ही आशा नियमांत लिहिलेली असेल तरच धरावी. तीन परिस्थिती, तीन हिशेब. एकाचे गणित दुसऱ्याला लागू पडत नाही.

आता आमच्या प्रवासाकडे वळतो. रात्रीच्या गाडीने मुलगी, तिची आई आणि मी त्या गावी पोहोचलो. उसन्या आवारात दोन इमारती संस्थेकडे होत्या. एका वर्गाच्या दारावर जुन्या मालकाची पाटी तशीच होती आणि तिच्याखाली नवा कागद चिकटविलेला होता. एक तरुण प्राध्यापक भेटले. मी घरून प्रश्नांची यादीच नेली होती. कायमची इमारत कधी होणार, या माझ्या पहिल्या प्रश्नाला ते हसून म्हणाले, "कार्यालयात विचाराल तर दोन वर्षे सांगतील. मला विचाराल तर मी तारीख सांगणार नाही." त्या एका उत्तराने माझा त्यांच्यावर विश्वास बसला. नोकरीत मी असंख्य तारखा ऐकल्या आहेत. 'सांगता येत नाही' हे उत्तर फार थोड्यांनी दिले.

मग मुलीने विचारले, "सर, प्रयोगशाळा रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते?" हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. ते म्हणाले, "चाळीस मुले आहेत. किल्ली मागितली की मिळते." परतीच्या गाडीत माझी यादी खिशातच राहिली. मी इमारत मोजीत होतो. ती आपला दिवस कसा जाईल हे पाहत होती.

ती तेथे गेली. परिणाम काय झाला ते हातचे काही न राखता सांगतो, कारण जमेची बाजू तेवढी सांगणे हा आमच्या खात्यात गुन्हा आहे. कार्यालयाने सांगितलेली दोन वर्षे चार वर्षांतही पुरी झाली नाहीत. पहिल्या वर्षी कार्यशाळेसाठी मुलांना बसने गावातील दुसऱ्या महाविद्यालयात नेत. ग्रंथालय म्हणजे एक खोली. वरच्या वर्गात मुलेच थोडी, त्यामुळे कोणता विषय घ्यावा, उन्हाळ्यात कोठे काम शिकावे, हे सांगणारे फारसे कोणी नव्हते. याची खंत तिला इमारतीपेक्षा अधिक वाटली. २०२० च्या मार्चमध्ये महामारी आली आणि शेवटचे वर्षभर ती आमच्याच घरी, याच शहरात, पडद्यासमोर बसून शिकली. तेव्हा एकदा मी तिला म्हणालो, "बघ, शेवटी घरीच आलीस." ती म्हणाली, "बाबा, आता सगळ्या देशाचाच परिसर तात्पुरता आहे."

जमेची बाजू अशी, की प्राध्यापकांना तिचे नाव ठाऊक होते, नुसता क्रमांक नव्हे. रात्री किल्ली खरोखरच मिळत असे. एका प्रयोगाचे उपकरण आले नाही म्हणून चार मुलांनी ते स्वतः जुळविले, आणि त्या एका कामातून ती जे शिकली ते पुढे नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडले. जी गोष्ट नव्हती ती मागावी कशी, अर्ज कसा करावा, नाहीच मिळाली तर काम कसे भागवावे, हे तिला वयाच्या विसाव्या वर्षी कळले. मला ते कळावयास सरकारी नोकरीची दहा वर्षे लागली.

हा सौदा फायद्याचा झाला की तोट्याचा? मला नक्की सांगता येणार नाही; दुसऱ्या वाटेचा हिशेब आमच्याजवळ नाही. आमच्याच शेजारच्या मुलाने त्याच वर्षी अशी जागा नाकारून येथे राहणे पसंत केले. त्याचे वडील आजारी होते. तो उत्तम शिकला आणि घरही सांभाळले. त्याचा निर्णय भित्रेपणाचा होता असे म्हणणाऱ्याशी मी भांडेन. घरचे आजारपण, कर्ज, मुलाची प्रकृती, मुलाचा स्वभाव, ही कारणे इमारतीहून मोठी आहेत. एखाद्या मुलाला घडी बसलेली असेल तरच अभ्यास सुचतो. त्याला अशा ठिकाणी पाठविणे हा अन्याय होय.

विद्यार्थी मित्रांनो, एक व्यवहाराची गोष्ट तुम्हांला सांगतो. केंद्रीय संस्थांच्या जागांचे वाटप 'जोसा' या संयुक्त मंडळाकडून फेऱ्याफेऱ्यांनी होते. जागा मिळाली की ती पक्की करावी, की ती हाती ठेवून वरच्या पसंतीची वाट पाहावी, म्हणजे 'फ्रीझ' की 'फ्लोट' की 'स्लाइड', हे ठरविण्यास थोडेच दिवस मिळतात. त्या धावपळीत शांत विचार होत नाही. म्हणून निर्णय जागा मिळाल्यावर करावयाचा नसतो. पसंतीचा क्रम भरताना करावयाचा असतो. ज्या ठिकाणी आजच्या स्थितीत जाण्याची तयारी नाही, ते नाव केवळ मोठे आहे म्हणून वर लिहू नका. आणि जाऊन बघता येण्यासारखे असेल तर क्रम भरण्यापूर्वीच जाऊन बघा.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे, की जागा पाहावयास जाताना मुलाला बरोबर न्या आणि आपल्या प्रश्नांआधी त्याला प्रश्न विचारू द्या. अण्णांनी मला बरोबर नेले होते, पण त्या शेडमध्ये मला काही विचारावयाचे आहे का, हे त्यांनी मला विचारले नाही. आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे मीही काही बोललो नाही. मला खरे तर विचारावयाचे होते. त्या खोक्यात कोणते यंत्र आहे, एवढेच मला विचारावयाचे होते.

ज्या मंडळाच्या व्यासपीठावरून मी हे बोलतो आहे, त्याची पहिली काही वर्षे एका शाळेच्या मागून घेतलेल्या वर्गात गेली, हे येथील ज्येष्ठांना ठाऊक आहे. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून त्यांनी सभा चालविल्या आणि सभा संपल्यावर फळा पुसून ते घरी गेले. हे सभागृह होईल की नाही, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांतील काही जण ते पाहावयास राहिले नाहीत. पण त्या वर्गात जे झाले ते मंडळच होते. सभागृहाची वाट पाहत थांबलेले काही नव्हते.